साउंड सिस्टिम घेण्यापूर्वी

रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यात समुद्राची खारी हवा. म्हणून स्वस्त सेट निवडताना टिकाऊपणा आधी तपासा.

● अनुभव : ज्यांच्या घरी तोच सेट दोन पावसाळे चालला आहे, त्यांना विचारा : खरखर येते का? दुरुस्ती गावातच होते का?

● वॅट : खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’च्या फुगवलेल्या आकड्यावर जाऊ नका, ‘आरएमएस’ पाहा. 10 बाय 12 फुटांच्या खोलीला चॅनेलमागे 15-20 वॅट पुरतात.

● स्पीकर : कोनच्या कडेचा फोम दमट हवेत लवकर कुजतो, रबराची कड जास्त टिकते.

● जोडणी : टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल, जुन्या रेडिओ-प्लेअरसाठी ऑक्स आहे ना, ते पाहा.

● कान : ओळखीचं नाट्यगीत लावा. मध्यम आवाजात शब्द आणि तबला वेगवेगळे, स्वच्छ ऐकू यायला हवेत.

● काळजी : सेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा चालवा. विजा चमकू लागण्याआधीच प्लग आणि केबल काढा.

पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : 1915.