घरमालकाचे वाय-फाय आणि आपले बँक खाते

वरच्या मजल्यावर घरमालक, खाली दोन भाडेकरू आणि तिघांत मिळून एकच ब्रॉडबँड जोडणी, अशी व्यवस्था आता लहान शहरांतही दिसते. बिल वाटून घेतले की प्रत्येकाचे पैसे वाचतात. त्यात गैर काही नाही. मात्र एकाच वाय-फायवरची उपकरणे साधारणपणे एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात, हे अनेक खातेदारांच्या लक्षात येत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. शेजारी त्याच वाय-फायवर आहे म्हणून त्याला आपल्या बँकेच्या अ‍ॅपमधली शिल्लक दिसत नाही. अ‍ॅप आणि बँक यांच्यातली माहिती सांकेतिक रूपात जाते. धोका आजूबाजूला असतो : सर्वांसाठी उघड्या ठेवलेल्या फोल्डरमधले खातेउतारे आणि पॅनकार्डाची प्रत, मूळ पासवर्ड कधीच न बदललेला कॅमेरा, किंवा व्हायरस शिरलेला कोणाचा तरी जुना संगणक.

यावर उपाय म्हणजे आपला वेगळा राउटर. घरमालकाच्या राउटरमधून आलेली केबल आपल्या राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या पोर्टमध्ये लावायची, आपले वाय-फाय नाव व पासवर्ड ठेवायचा आणि राउटरच्या सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्डही बदलायचा. नेहमी चूक होते ती केबल लावताना. केबल शेजारच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये गेली, किंवा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ वा ‘रिपीटर’ म्हणून बसवला, तर इंटरनेट छान चालते, पण मधली भिंत उभीच राहत नाही. दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच असेल, तर आपला बदलून १९२.१६८.५०.१ करावा, टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक.

ही भिंत एकाच बाजूने आड येते. आतल्या राउटरमागे असलेला भाडेकरू झाकला जातो, घरमालक नाही. भाडेकरूकडून घरमालकाच्या उपकरणांकडे जाणारी वाट उघडीच राहते. म्हणून घरमालकाने मुख्य पासवर्ड न देता राउटरमधले ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून त्याचा पासवर्ड द्यावा आणि पाहुण्यांना घरातली उपकरणे दिसण्याची परवानगी बंद ठेवावी.

एवढे करूनही मुख्य राउटर ज्याच्या ताब्यात आहे, त्याला आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो हे बरेचसे कळू शकते. त्या राउटरच्या सेटिंगमध्ये कोणी फेरफार केला, तर बँकेचा बरोबर पत्ता टाकूनही बनावट पानाकडे वळवले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी ब्राउझर सहसा सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा देतो. तो दिसल्यावर पान तिथेच बंद करावे. नवा लाभार्थी जोडणे किंवा मुदत ठेव मोडणे अशा कामांना मी स्वतः मोबाइल डेटाच वापरते. त्याला खर्च नगण्य येतो.

खात्यात आपण न केलेला व्यवहार दिसला, तर राउटर तपासत बसू नये. आधी बँकेला कळवून कार्ड व नेटबँकिंग बंद करावे, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.