कैफियत, निदान आणि उपचाराची तजवीज

पाथर्डीकडून येणाऱ्या पहिल्या एस.टी.ने नगरला उतरून, दोन वर्षांत जमलेले रिपोर्ट – पोटाची सोनोग्राफी, ई.सी.जी., साखर आणि हिमोग्लोबिन यांचे तीन-तीन कागद – प्लास्टिकच्या पिशवीत मांडीवर सांभाळीत जी चाळिशीची बाई समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर टेकते, तिचे पहिले वाक्य पुष्कळदा ठरलेले असते : "मॅडम, मी येडी नाही, हे आधी लिहून घ्या." ही बाई एक नाही, तीन-चार जणींच्या हकीकती ओळख पुसून मी येथे एका पदराखाली आणल्या आहेत. तक्रार विचारावी तर ती मनाचे नाव घेत नाही. "डोकं बधिर ऱ्हातं, हातपाय गळून जातात, निस्तं बसून ऱ्हावं वाटतं, सलाईन लावलं की दोन दिवस बरं, पुन्हा तेच."

कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या, पण बोलण्यात अद्याप नगरच राहिलेल्या या जिल्ह्यात मानसिक आजारापेक्षा त्याच्या नावाचे भय मोठे आहे, आणि त्या भयाला इतिहास आहे. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ चारच होती – ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी नगरकरांना जवळचे येरवडा, म्हणून 'याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य घराघरांत टोमणा म्हणून रूढ झाले. १९१२ च्या कायद्यात माणसाला मनोरुग्णालयात दाखल करण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून निघे, आणि ज्या निदानाच्या पाठोपाठ सरकारी हुकूम येतो त्या निदानाला लोकांनी निकाल समजावे, यात नवल ते काय? परंतु ती परिस्थिती आता उरलेली नाही. २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या तिसऱ्या कलमाने असे स्पष्ट केले आहे की, मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरूनच ठरवावे. कोणाची जात, धर्म, आर्थिक स्थिती, किंवा समाजाच्या चालीरीतींशी न जुळणारे वर्तन हा त्याचा आधार होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले एवढ्यावरून आजही आजार आहे असे मानता येत नाही. आणि आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती विकल मनाची आहे असे, सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्यावाचून, म्हणता येत नाही. त्या बाईने पहिल्याच वाक्यात जी ग्वाही मागितली, ती कायद्याने तिला आधीच देऊन ठेवलेली आहे. ती तिच्यापर्यंत पोचविणे हा माझ्या कामाचा भाग आहे असे मी मानते.

दुसरा गैरसमज त्या पिशवीतच असतो. रिपोर्टांत 'काही निघाले नाही' म्हणजे आजार नाही, किंवा मेंदूचा स्कॅन काढला की मनातले दिसेल, अशी सुशिक्षितांचीही समजूत आढळते. वस्तुतः औदासीन्य, चिंताविकार किंवा छिन्नमनस्कता सिद्ध करणारी रक्ताची तपासणी वा छायाचित्र आजमितीस उपलब्ध नाही. निदान होते ते कैफियतीवरून : त्रास केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या प्रहरी अधिक, झोप पहाटे तीनला मोडते की लागतच नाही, अन्नावरची वासना, कामातला रस, घरातील पूर्वीचे आजार, दारू, मारहाण, कर्ज, बाळंतपण. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात औदासीन्याची दहा लक्षणे सांगितली आहेत; त्यांतील किमान पाच, दिवसाचा बहुतेक काळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत खिन्नता किंवा रस उडणे यांपैकी एक असावेच लागते. मोबाइलवर भरून आणलेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली पुष्कळ जण हल्ली पुढे करतात. तिचे शून्यापासून सत्तावीसपर्यंतचे गुण उपयोगाचे आहेत, मात्र ती चाळणी आहे. चाळणीत राहिलेला प्रत्येक खडा निवडूनच पाहावा लागतो.

निवडणे म्हणजे काय, ते याच बाईच्या बाबतीत सांगते. तिच्या साऱ्या कागदांत थायरॉइडची तपासणी एकदाही नव्हती. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांत थकवा, मंदपणा, उदासी अशी लक्षणे दिसतात की त्यांना मनोविकार समजून महिनोन्‌महिने नुसते बोलत बसणे हा अपराध ठरावा. तपासणी झाली, कमतरता निघाली, फिजिशियनांनी गोळी सुरू केली. आणि तरीही सारे दुःख थायरॉइडचे नव्हते, हे पुढच्या सहा आठवड्यांत दिसून आले. मग एक प्रश्न, जो घाईत हमखास राहून जातो : याच्या उलट काळ कधी आला होता काय? तीन-तीन तास झोपूनही न थकता, भराभर बोलत, न पेलणारे कर्ज काढून एकाच हंगामात दोन बोअर घेतल्या, असे काही? ज्याच्या आयुष्यात असा उन्मादाचा काळ येऊन गेला आहे, त्याचे औदासीन्य वरून इतरांसारखेच दिसते, पण त्याला नुसती औदासीन्यावरची गोळी दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. तिच्या बाबतीत तसे नव्हते. होता तो शोक. थोरली बहीण जाऊन पाच महिने झाले होते. शोक हा रोग नव्हे, आणि त्याला रोग म्हणण्याची घाई करू नये म्हणून शास्त्रानेही मुदत घातली आहे : दीर्घ शोकविकार म्हणण्यापूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने, आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान बारा महिने. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत शोकाला घरात जागा देण्याची जी रीत आहे, तिची येथे आठवण होते. तथापि शोकाच्या काळातही औदासीन्य जडू शकते, आणि ही सीमारेषा एका भेटीत आखता येत नाही. पहिल्या भेटीतले निदान तात्पुरते असते. ते बदलले तर समुपदेशकाचा पराभव झाला असे कोणी मानू नये.

तिच्या सासूने मध्येच सांगितले, "हिच्या अंगात येतं, पौर्णिमेला." या वाक्यावर आपल्याकडे दोन टोकाची मते तयार असतात : एक म्हणते ही बाहेरची बाधा, दुसरे म्हणते हा निव्वळ रोग. दोन्ही उतावीळ आहेत. मोहट्याच्या देवीच्या नवरात्रात किंवा मढीच्या यात्रेत ज्याच्या अंगात येते, ते परंपरेने मान्य असेल, त्या व्यक्तीस त्यातून क्लेश होत नसेल आणि तिचे दैनंदिन व्यवहार बिघडत नसतील, तर तो विकार नव्हे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण स्वतःच सांगते. अनिच्छेने, अवेळी, मान्य विधीच्या बाहेर घडणारी आणि जगणे विस्कटून टाकणारी अवस्था तेवढी विकारात मोडते. म्हणून विचारायचे ते असे : हे तुम्हांला हवेसे वाटते का? त्यानंतर कसे वाटते? "हलकं वाटतं," ती म्हणाली, "तेवढ्यापुरतं मला कोणी काम सांगत नाही." या उत्तरात रोगाचे नाव नाही, पण तिच्या घरातील तिच्या जागेचा पुरा नकाशा आहे. मात्र बाधा उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरविला आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्याची वर्षे वेचली, तो त्यांच्या हत्येनंतरच झाला, हे आपण विसरता कामा नये.

श्रद्धा आणि विकार यांची ही गुंतागुंत नगर जिल्ह्याला नवी नाही. १९३६ साली राहुरी येथे मेहेरबाबांनी वेड्यांसाठी आश्रम उघडला होता. सामान्य मनोरुग्ण आणि ईश्वरप्रेमात भान हरपलेले 'मस्त' यांत ते भेद करीत, आणि दोघांनाही स्वतःच्या हाताने स्नान व अन्न देत. त्यांच्या आध्यात्मिक विवेचनाशी कोणी सहमत असो वा नसो, नाव काय द्यावे हे ठरविण्याच्या आधी माणसाला आंघोळ घालून जेवू घालावे, हा क्रम मला आजही बरोबर वाटतो. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर बेवारस सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी जे 'माऊली' चालविले आहे, तेथेही ज्या स्त्रीला स्वतःचे नाव सांगता येत नाही आणि जिची कैफियत देणारे कोणी नाही, तिच्या बाबतीत पहिला उपचार दुसरा कोणता असणार?

गोळ्यांविषयीचे गैरसमज थोडक्यात आटोपते. समुपदेशक गोळी लिहून देऊ शकत नाही. तो अधिकार वैद्यकाचा, आणि मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर झालेला असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते. औदासीन्यावरील औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची व्यसनासारखी तलफ लागत नाही, आणि बरे वाटल्यावर साधारण सहा महिने ती चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. सवय लागण्याचे भय खरे आहे ते विनाचिठ्ठीच्या झोपेच्या गोळ्यांविषयी, आणि नेमक्या त्याच लोक बिनधास्त घेतात. गोळ्या टाळून लग्न लावून दिले की मुलगा ताळ्यावर येईल, ही समजूत तर दोन आयुष्ये एकदम पणाला लावते.

आत्महत्येविषयी विचारले तर विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज मात्र जीवघेणा आहे. उघड, शांतपणे विचारल्याने तो विचार बळावत नाही, असे संशोधनांतून वारंवार दिसले आहे. उलट मनातले बोलता येते. मी विचारले. तिने मान खाली घातली आणि होय म्हणाली. फवारणीची औषधे भावाच्या घरी कुलपात ठेवण्याचे, रात्री कोणाला उठवायचे त्या जावेचे नाव आणि चोवीस तास मोफत चालणारा टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहिण्याचे त्याच भेटीत ठरले. उपचाराच्या तजविजीत हे कलम सर्वांत वर असते; बाकीचे सारे त्याच्या खाली.

आणि ही तजवीज समुपदेशकाने एकट्याने लिहायची नसते. 'सल्ला देणारा' अशी समुपदेशकाची जी प्रतिमा आहे, ती येथे सर्वांत अधिक आड येते. गोव्यात 'संगथ' या संस्थेने केलेल्या आणि २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकविलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र औदासीन्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. मिळणाऱ्या नेहमीच्या उपचारांनी तीन महिन्यांनंतर शंभरांतील ३९ जण लक्षणांतून बाहेर आले होते, बैठकांची जोड मिळाली तेव्हा ६४. उपाय काय, तर टाळलेली, अर्थपूर्ण वाटणारी लहान कामे ठरवून पुन्हा सुरू करणे आणि आड येणाऱ्या अडचणी एकेक करून सोडविणे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला निरक्षर स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविलेले पाहिलेल्या नगरकराला यात आश्चर्य वाटू नये.

आमच्या कागदावर त्या पहिल्या कलमाखाली चार गोष्टी उतरल्या : थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, मनोविकारतज्ज्ञांची भेट, दर मंगळवारी बैठक (चौथ्या बैठकीला तीच नऊ प्रश्नांची यादी पुन्हा), आणि बचत गटाच्या सभेला, बोलायला न जमले तरी, जाऊन बसणे. बरे झाले हे कशावरून ओळखायचे, असे विचारल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "भाकरीचं पीठ मळताना मधीच हात थांबतो माझा. तो थांबला नाही पाह्यजे." उद्दिष्टाच्या रकान्यात तेच शब्द लिहिले, आणि खाली दोघींनी सह्या केल्या.