ॲपमधला ठिपका म्हणजे उपग्रह नव्हे

हॅम रेडिओकडे नव्याने वळलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "ॲपवर उपग्रह लाइव्ह दिसतोय." जीप्रेडिक्ट, ऑर्बिट्रॉन, फोनमधले लुकफोरसॅट, काहीही उघडा, नकाशावरचा ठिपका सेकंदासेकंदाला सरकतो आणि तो कुठूनतरी थेट येतोय असे वाटते. येत नाही. पटत नसेल तर फोन फ्लाइट मोडवर टाकून पाहावा. ठिपका तसाच सरकत राहील, कारण त्याला आधीही कोणी काही कळवत नव्हते. सॉफ्टवेअरजवळ तीनच गोष्टी असतात: उपग्रहाच्या कक्षेचे घटक, तुमचे ठिकाण आणि घड्याळ. उरलेले सगळे गणित. फोनमधल्या जीपीएसमुळे तुम्ही कुठे आहात ते कळते, उपग्रह कुठे आहे ते नाही.

कक्षेचे हे घटक प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळींत मिळतात. त्यांना टीएलई म्हणतात. जुने हॅम 'केप्स' म्हणतात. अमेरिकी लष्कराची रडारे आणि दुर्बिणी उपग्रहांची निरीक्षणे घेतात, त्यांवरून कक्षा बसवली जाते आणि ती स्पेस-ट्रॅक किंवा टी. एस. केल्सो यांनी १९८५मध्ये सुरू केलेल्या सेलेस्ट्रॅकवरून सर्वांना मिळते. पुढचे गणित एसजीपी४ या पद्धतीचे. हूट्स आणि रोरिक यांच्या १९८०च्या अहवालात ती प्रसिद्ध झाली आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात तीच आहे, वरचा मुखडा कितीही देखणा असो. त्यामुळे 'कोणते ॲप जास्त अचूक' या वादाला फारसा अर्थ नाही. केप्स, ठिकाण आणि घड्याळ सारखे, तर उत्तरही सारखेच. न बघता गणिताने सांगणे काही नवे नाही: पंचांगकर्ता तरी कुठे चंद्राकडे बघून तिथी लिहितो? गणेश दैवज्ञांच्या १५२०च्या 'ग्रहलाघवा'वर चालणारी पंचांगे एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रत्यक्ष आकाशापासून ढळली होती, म्हणून केरो लक्ष्मण छत्र्यांना ग्रहसाधनाची नवी कोष्टके करावी लागली. तिथे चूक साचायला शतके लागली. उपग्रहाला कधीकधी आठवडा पुरतो.

हे ऐकल्यावर काही जण दुसरे टोक गाठतात: केप्स रोज ताज्या केल्या नाहीत तर सगळे वाया. तेही खरे नाही. टीएलई ज्या क्षणाची असते त्या क्षणी पृथ्वीजवळच्या कक्षेतली चूक सुमारे १ किलोमीटर असते आणि पुढे रोज १ ते ३ किलोमीटरने वाढते, असा सर्वसाधारण अंदाज केल्सो आणि इतर जाणकार देतात. शिवाय ही चूक मुख्यतः वाटेच्या दिशेने साचते, म्हणजे वाट जवळपास बरोबर आणि वेळ चुकलेली. सेकंदाला साडेसात किलोमीटर जाणाऱ्या उपग्रहाच्या बाबतीत ३० किलोमीटरची चूक म्हणजे फक्त ४ सेकंद. हातातल्या यागी अँटेनाला त्याचा पत्ताही लागत नाही. 'महिन्यापूर्वीच्या केप्सवर माझे काम भागते' असे सांगणारे म्हणून खोटे बोलत नसतात. ते एओ-७सारख्या हॅम उपग्रहाबद्दल बोलत असतील तर बरोबरच आहे. तो जवळपास १,४५० किलोमीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा अडथळा नगण्य आणि कक्षा बदलायला कोणी धक्का देत नाही. पण हाच अनुभव आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला लावला की फसगत होते. स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास फिरते, हवेने खाली ओढले जाते, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावे लागते. या ढकलण्याने वेग सेकंदाला फक्त १ मीटरने वाढवला असे धरा. कक्षा पावणेदोन किलोमीटर उंचावते, प्रत्येक फेरीला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि दिवसाला साडेपंधरा फेऱ्या होतात. दहा दिवसांत साडेपाच मिनिटांचा फरक पडतो, आणि अख्खा पास, म्हणजे उपग्रह क्षितिजाच्या वर असण्याचा काळ, असतो जेमतेम दहा मिनिटांचा. जुन्या केप्सवर विसंबलेला माणूस स्थानकाच्या १४५.८०० मेगाहर्ट्झवर कान लावून बसतो आणि मग ॲपला शिव्या घालतो. सौर वादळातही वरचे वातावरण फुगते आणि असाच घोळ होतो. फेब्रुवारी २०२२मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ अशाच वादळात गमवावे लागले.

ताज्या प्रक्षेपणानंतर अडचण वेगळीच असते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४वरून एकूण २० उपग्रहांच्या थव्यात गेला. अशा वेळी रडारला नुसते ठिपके दिसतात. कोणता कोणाचा हे ठरायला दिवस जातात, आणि पुष्कळदा ते ठरते जमिनीवरच्या हॅमनी मोजलेल्या डॉपलरवरून, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून.

बाकीचे गैरसमज चटकन उरकता येतात. पास दाखवला म्हणजे उपग्रह बोलेलच असे नाही: भारताचा हॅमसॅट २०१४पासून मुका आहे, पण केप्स भरल्या तर सॉफ्टवेअर त्याचे पास आजही इमानेइतबारे दाखवते, आणि एओ-७ची बॅटरी गेलेली असल्यामुळे तो उन्हातच चालतो. स्थानक ९३ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारते म्हणून दर ९३ मिनिटांनी डोक्यावर येत नाही, कारण तेवढ्यात पृथ्वी साधारण २३ अंश फिरलेली असते. डोक्यावरून जाणारा पास सर्वांत चांगला हेही अर्धसत्यच. उभ्या अँटेनाला नेमके डोक्यावरचेच ऐकू येत नाही आणि लांबचे संपर्क उपग्रह क्षितिजाजवळ असताना होतात. संगणकाचे घड्याळ एक मिनिट चुकले तर उपग्रह ४५० किलोमीटर इकडचा तिकडे होतो, आणि यूटीसी व भारतीय वेळ यांतले साडेपाच तास विसरणाऱ्याबद्दल तर काय बोलावे. 'प्रेडिक्ट' या जुन्या प्रोग्रॅममध्ये रेखांश मुळात पश्चिमेचे धरतात; पुण्याचे ७३.८६ उणे चिन्हाशिवाय भरले की तो तुम्हाला हैतीत नेऊन बसवतो आणि तिथले पास अगदी अचूक सांगतो. आणि क्यूओ-१०० या हॅम उपग्रहासाठी पासचे सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांनी शोध थांबवावा: तो भूस्थिर आहे, २६ अंश पूर्व रेखांशावर. मुंबईहून तो पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर असतो. डिश एकदा लावली की झाले.