शोधण्यापूर्वीचा हिशेब

मोठ्या ग्रंथालयात एखाद्या लेखकाचा ग्रंथ हवा असल्यास आपण सूचीतील कार्ड पाहतो आणि थेट त्या कपाटाकडे जातो. परंतु अर्धे ग्रंथालय मराठी ग्रंथांचे असताना ‘सर्व मराठी ग्रंथ काढा’ असे कोणी सांगितले, तर कार्डागणिक एक फेरी घालण्यापेक्षा कपाटे ओळीने पाहत जाणेच श्रेयस्कर. संगणकातील माहितीसंग्रहापुढे हाच प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो.

माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. काय हवे ते मागणाऱ्याने सांगावे. कोणत्या वाटेने शोधावे ते यंत्राने ठरवावे, हा तिचा इत्यर्थ. खर्च अजमावून वाट निवडण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली आय. बी. एम. च्या ‘सिस्टिम आर’ या प्रणालीच्या संदर्भात मांडली. वाट निवडणाऱ्या या भागास नियोजक म्हणतात.

समजा, एका कोष्टकात १० लक्ष नोंदी आहेत आणि एका पृष्ठावर १०० नोंदी मावतात. म्हणजे पृष्ठे १०,००० झाली. पोस्टग्रेस या प्रणालीच्या मूळ मांडणीत ओळीने वाचलेल्या पृष्ठाचा खर्च १, तर मधूनच उचललेल्या पृष्ठाचा ४ धरतात. जन्मतारखेच्या सूचीने ४० विखुरलेल्या नोंदी मिळणार असतील, तर खर्च सुमारे १६०. सारे कोष्टक वाचण्याचा मात्र १०,०००. तेव्हा सूचीच बरी. उलट, राज्याच्या सूचीने २ लक्ष नोंदी निघणार असतील, तर त्या जवळजवळ प्रत्येक पृष्ठावर पसरलेल्या असणार. अशा वेळी सूची बाजूस ठेवणेच शहाणपणाचे.

किती नोंदी मिळतील, हे शोधापूर्वी कळते कसे? शिजलेल्या भाताची परीक्षा शितावरून करावी, तसे नियोजक नमुन्यावरून अनुमान बांधतो. पोस्टग्रेस मूळ मांडणीत सुमारे ३०,००० नोंदींचा नमुना घेते.

अनुमान चुकले की निवडही चुकते. कर्नाटकाच्या नोंदी दहांत एक आणि म्हैसूर जिल्ह्याच्या शंभरांत एक असल्यास, दोन्ही अटींसाठी नियोजक गुणाकार करून हजारांत एक असे मानतो. वस्तुतः म्हैसूरची प्रत्येक नोंद कर्नाटकाचीच असते! १,००० नोंदी अपेक्षिलेल्या असताना १०,००० पुढे येतात, आणि क्षणाचे काम रेंगाळते. अशा परस्परसंबंधांची नोंद ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली झाली. परंतु कोणते स्तंभ संबंधित आहेत, हे माणसानेच सांगावे लागते. यंत्राचा हिशेब अचूक असला, तरी त्याचा निर्णय त्यास मिळालेल्या माहितीपेक्षा अधिक चांगला असू शकत नाही.