काळ्या जमिनीची साठ वर्षे

1960 च्या दशकात हरितक्रांतीबरोबर युरियाची गोणी खानदेशातही बांधाबांधावर पोहोचली. पाठोपाठ डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान आले. रावेर-यावलच्या केळीने आणि चोपडा-शिंदखेड्याच्या कपाशीने पुढची कैक वर्षे हा मारा सोसला. जमीन मात्र पिकत राहिली.

हा सोशिकपणा मातीच्या घडणीत आहे. बेसॉल्ट झिजून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे. त्याच्या कणांवर ऋण भार असल्याने शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित कण त्यांना चिकटून बसतात. त्यात चुनखडीमुळे माती अल्कधर्मी, म्हणून हे धातू सहसा विरघळत नाहीत आणि पिकात कमी उतरतात. डीडीटीसारखी द्रव्येही चिकणमाती व सेंद्रिय कर्बाला धरून राहतात. या पकडीची किंमतही आहे: जस्त आणि लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात.

नायट्रेटपुढे मात्र ही पकड चालत नाही. तोही ऋणभारित, त्यामुळे पाण्याबरोबर खाली झिरपतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी तर मातीला फारसे न भिडताच खोल जाते. साक्रीकडच्या मुरमाड, उथळ जमिनीत गाळायला मातीचा थरच अपुरा. खाली भेगाळ खडक. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या काही विहिरींच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळले आहे. जळगावातूनच पसरलेल्या ठिबकने पाणी आणि खत बेताने देता येऊ लागले. पण खताची मात्रा बेताची असेल तरच त्याचा उपयोग.

शेतीतला डीडीटीचा वापर 1989 मध्ये थांबवला गेला, बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली, एंडोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखले. एकाही वेळी इशारा जमिनीने दिला नव्हता. उत्पन्न घटले नाही म्हणून सारे ठीक, हाच आपला हिशेब होता. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यात 12 घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब वगैरे. कीटकनाशकांचे अवशेष, शिसे, कॅडमियम त्यात नाहीत. जमीन काय देऊ शकते ते पत्रिका सांगते. तिने काय साठवले ते नाही. आता केळीचे खुंट बांधावर फेकण्याऐवजी कुट्टी करून शेतात गाडावेत, म्हणजे कर्ब वाढेल. आणि माती तपासताना विहिरीचे पाणीही तपासावे.