नक्कल केलेला मजकूर राहतो कोठे?

पुणे-सातारा महामार्गालगतचे शिवरे हे भोर तालुक्यातील गाव. महामार्ग गावाच्या दारातून जात असला, तरी तालुक्याच्या कचेरीसाठी कापूरव्होळपर्यंत जाऊन आत भोरकडे वळावे लागते. एखादा दाखला काढावयाचा, अर्ज द्यावयाचा, त्यात राहिलेली त्रुटी पुरी करावयाची, अशा कामांसाठी या पट्ट्यातील शेतकऱ्याचा दिवसच्या दिवस खर्ची पडत असे. आणि भातलावणीच्या हंगामात बुडालेला एक दिवस किती महाग पडतो, हे भोरकडील माणसाला सांगावयास नको. राज्यात २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींच्या पातळीवर संगणक आले. २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला, २०१६ मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्रां’ची योजना आली आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा संगणकावरून मिळू लागला. तालुक्याच्या कितीतरी फेऱ्या त्यामुळे वाचल्या.

या सोयीबरोबर एक नवी जबाबदारीही आली. गावोगावच्या अशा केंद्रांत एक टेबल, एक संगणक, एक चालक आणि पुढे रांग असे दृश्य असते. सकाळपासून सायंकाळपर्यंत त्या एकाच यंत्रातून अनेक घरांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक, भ्रमणध्वनीचे क्रमांक आणि गट क्रमांक जातात. कागदाचा जमाना होता तेव्हा अर्ज फाईलीत जाई आणि टेबल रिकामे होई. संगणकाचे टेबल मात्र दिसते तितके रिकामे नसते. त्यात एक लहानसा कप्पा आहे. तो पडद्यावर दिसत नाही आणि तो रिकामा करावयास कोणी सांगतही नाही. या कप्प्याला क्लिपबोर्ड म्हणतात.

नाव इंग्रजी असले तरी वस्तू ओळखीची आहे. परीक्षेला जाणारा विद्यार्थी चिमटा लावलेला जो पुठ्ठा घेऊन जातो आणि ज्याला आपल्याकडे ‘पॅड’ म्हणतात, तोच हा क्लिपबोर्ड. हातातला कागद तात्पुरता अडकवून ठेवावयाचा, काम होताच काढून घ्यावयाचा. संगणकातही मजकुराची नक्कल घेतली, म्हणजे ‘कॉपी’ केले, की ती या अदृश्य पॅडला अडकते, आणि ‘पेस्ट’ केले, म्हणजे ती दुसरीकडे डकवली, की तेथे उमटते. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या संशोधकांनी झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्यास ही कापण्या-डकविण्याची पद्धत बसविली. पुढे १९८३ मध्ये ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ या संगणकाबरोबर ती बाजारात आली. टेस्लर २०२० मध्ये निवर्तले. आज कळफलकावरील कंट्रोल कळीसह सी दाबले की नक्कल होते, एक्स दाबले की मजकूर कापला जातो आणि व्ही दाबले की तो डकवला जातो, हे शाळकरी मुलेही जाणतात.

मुलांना सहसा ठाऊक नसते ते पुढचे. डकविल्यानंतर पॅडवरचा कागद निघत नाही. एकदा डकवा, दहादा डकवा, नक्कल तेथेच असते. नवी नक्कल घेतली तरच जुनी बाजूला होते. ज्या खिडकीतून नक्कल घेतली ती बंद केली, अर्ज सादर झाला, अर्जदार उठून गेला, तरी त्याचा क्रमांक पॅडवर लटकलेलाच राहतो. संगणकाच्या पडद्याला कुलूप लावल्यानेही तो जात नाही.

चूक होते ती कशी

याचा पहिला धोका चोरीचा नव्हे, साध्या गफलतीचा आहे. पुण्यात नोकरीस असलेला मुलगा वडिलांचा खाते क्रमांक मोबाईलवरील संदेशाने केंद्रात पाठवितो. चालक तो पडद्यावर उघडतो, नक्कल घेतो आणि अर्जाच्या रकान्यात डकवितो. घाईत नक्कल घेण्याची कळ नीट दाबली गेली नाही, तर संगणक कुरकुर करीत नाही. पॅडवर जे आधीपासून आहे, म्हणजे मघाच्या अर्जदाराचा क्रमांक, तेच तो निमूटपणे डकवितो.

ही चूक यंत्राला सापडावयास हवी, असे कोणी म्हणेल. आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या अंकांवरून तो एका गणिती रीतीने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा दोन शेजारचे अंक उलटसुलट पडले, तर ते यंत्राला ओळखता येते. परंतु पॅडवरून आलेला क्रमांक चुकीचा नसतोच. तो पूर्णपणे बरोबर असतो, फक्त दुसऱ्या माणसाचा असतो. त्याच्याबरोबर नाव पडताळून पाहण्याची सोय अर्जात नसेल, तर अंकांच्या या परीक्षेतून तो सहज पार पडतो. बँकेच्या आयएफएससी संकेताचीही तीच गत आहे. अकरा अक्षरांच्या या संकेतात पाचवे स्थान शून्याचे असते, आणि ते शेजाऱ्याच्या बँकेच्या संकेतातही असते. काही अर्जांत खाते क्रमांक दोनदा मागितला जातो तो याच भीतीने. पण दोन्ही रकान्यांत तीच नक्कल डकवली तर त्या खबरदारीला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच काही संकेतस्थळांवर दुसऱ्या रकान्यात डकविण्यास मज्जाव असतो आणि आकडे हातानेच लिहावे लागतात. चालक मंडळी त्यावर वैतागतात. तो वैताग सोसावा हेच बरे. ‘संगणकाने चुकविले’ हे कचेऱ्यांतील नेहमीचे वाक्य अशा वेळी तर मुळीच खरे नसते.

मराठी अक्षरांचा गोंधळ

मराठीत काम करणाऱ्यांना या कप्प्याचा आणखी एक अनुभव येतो. लेखनाच्या खिडकीत सुवाच्य दिसणारा मराठी मजकूर नक्कल करून अर्जात डकवावा, तर तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक मालिका उमटते. याचे कारण असे की, पॅडवर एकाच मजकुराच्या अनेक प्रती एकदम अडकविलेल्या असतात. एक टंकाच्या नावासह सजवलेली, एक अगदी साधी, अशा. घेणारी खिडकी तिला समजेल ती प्रत उचलते, आणि अर्जाचा रकाना बहुधा साधी प्रत घेतो. जुन्या मराठी टंकांत संगणकाच्या लेखी साठविलेली अक्षरे रोमनच असत. टंक फक्त त्यांना देवनागरीचे रूप देई. साध्या प्रतीत टंकाचे नाव गळते आणि खाली दडलेली रोमन अक्षरे उघडी पडतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोठेही डकवले तरी मराठीच राहते. जुन्या फाईलीतील मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच त्याची नक्कल घ्यावी.

कप्पा पाहणे आणि रिकामा करणे

विंडोजच्या एक्सपी आवृत्तीपर्यंत क्लिपबोर्ड पाहण्याचा एक लहान कार्यक्रम संगणकातच असे. नंतरच्या आवृत्त्यांतून तो गेला आणि अनेक वर्षे आत काय आहे हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे कोऱ्या पानावर डकवून पाहणे एवढाच उरला. तो आजही कोणत्याही संगणकावर चालतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारणेने मात्र कप्प्याचे स्वरूप बदलले. विंडोजची खूण असलेली कळ दाबून व्ही दाबले की मागील नकलांची यादी उघडते. ही सोय बंद असेल तर ती सुरू करावयाची का, असे प्रथम विचारले जाते. एकदा सुरू झाली की पंचवीसपर्यंत नकला एकाखाली एक साठतात. त्यांत मजकूर असतो, तसेच पडद्याचे घेतलेले चित्रही असते. संपूर्ण फाईलीची नक्कल घेतली असेल तर ती या यादीत दिसत नाही, कारण पॅडवर फाईल नसते, ती कोठे आहे त्याचा पत्ताच तेवढा असतो.

स्वतःच्या संगणकावर लेखन करणाऱ्यास ही यादी उपयोगाची आहे. अनेकांच्या वापरातील संगणकावर मात्र ती दिवसभराच्या अर्जदारांची नोंदवहीच ठरते, आणि रांगेतील कोणीही दोन कळा दाबून ती वाचू शकतो. पूर्वी एखादा निरुपद्रवी शब्द नक्कल करून घेतला की आधीचा क्रमांक पुसला जाई. यादी सुरू असताना ही युक्ती चालत नाही. जुना क्रमांक एक पायरी खाली सरकतो इतकेच.

ती रिकामी करण्यासाठी त्याच यादीत ‘क्लिअर ऑल’ हे बटन असते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘क्लिपबोर्ड’ या ठिकाणीही पुसण्याची सोय आहे. एकच नोंद काढावयाची तर तिच्या कडेच्या तीन ठिपक्यांवर टिचकी द्यावी. टाचणीची खूण करून ठेवलेल्या नोंदी मात्र या दोन्ही मार्गांनी जात नाहीत, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी जात नाहीत. टाचणी न लावलेल्या नोंदी पुन्हा सुरू करताना आपोआप जातात. टाचणी काढून मग पुसावे, अथवा ती नोंद स्वतंत्रपणे पुसावी. सेवा केंद्राच्या संगणकावर तर ही यादी ‘सेटिंग्ज’मधून बंदच ठेवणे इष्ट. तेथेच एका खात्यावरील निरनिराळ्या यंत्रांत क्लिपबोर्ड सामायिक करण्याचाही पर्याय असतो. केंद्रातील क्रमांक चालकाच्या घरच्या संगणकावर पोहोचावयाचे नसतील, तर तोही बंद असल्याची खात्री करावी. मॅक संगणकावर ‘फाइंडर’च्या ‘एडिट’ यादीतून क्लिपबोर्ड पाहता येतो.

मोबाईलची तऱ्हा थोडी निराळी. गूगलच्या कळफलकात क्लिपबोर्डची स्वतंत्र खूण असून तेथील नोंदी टाचणी न लावल्यास सुमारे तासाभराने नाहीशा होतात. अँड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून एखाद्या ॲपने दुसऱ्या ॲपमधून आलेली नक्कल वाचली की पडद्यावर सूचना येते. २०२२ मधील तेराव्या आवृत्तीपासून काही वेळाने कप्पा आपोआप रिकामा होतो. आयफोनवर अशी सूचना २०२० पासून दिसू लागली आणि २०२२ पासून ॲपला आधी परवानगी मागावी लागते. या सुधारणा उगाच झालेल्या नाहीत. क्लिपबोर्डवरील मजकूर गुपचूप वाचणारी, इतकेच नव्हे तर पैसे पाठविण्याचा पत्ता डकविण्यापूर्वी बदलून टाकणारी लबाड सॉफ्टवेअरे जगभर आढळली आहेत.

अर्जदाराने केंद्रातून उठण्यापूर्वी मिळालेल्या पोचपावतीवरील आणि अर्जाच्या प्रतीवरील आधार व खाते क्रमांक आपल्या पासबुकाशी अंकाअंकाने ताडून पाहावेत. पूर्ण आधार क्रमांकाची गरज नसेल तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारी आधारची प्रत द्यावी. अर्ज मंजूर होण्यापूर्वी चूक लक्षात आल्यास त्याच केंद्रातून अथवा संबंधित कार्यालयातून दुरुस्ती करून घेणे सोपे जाते. रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाल्यावर तेच काम बँक आणि कचेरी यांच्यातील पत्रव्यवहाराचे होते. फसवणुकीने पैसे गेले असतील, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.