वकील गैरहजर, शिक्षा कायम?

शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याची अम्मी हायकोर्टाच्या निकालाची प्रत घेऊन आली. शोहर तुरुंगात, अपील फेटाळलेले. तिने विचारले, "सर, त्या दिवशी आमचे वकीलसाब कोर्टात आलेच नाहीत. मग आमची बाजू मांडली कोणी?"

'वकील' हा मूळ अरबी शब्द. ज्याच्यावर आपण काम सोपवतो, तो वकील. तो आला नाही तर चूक त्याची, पण सजा भोगतो आरोपी.

कायदा काय म्हणतो? 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की, केवळ वकील गैरहजर म्हणून फौजदारी अपील निकाली काढता येत नाही. रेकॉर्ड आणि खालच्या कोर्टाचा निकाल तपासावाच लागतो. मात्र तपासल्यावर वकिलाशिवायही निर्णय देता येतो. आरोपी तुरुंगात असेल तर पुढची तारीख देणे इष्ट, असेही पीठाने म्हटले.

2011 मध्ये आसामच्या एका प्रकरणात न्या. मार्कंडेय काट्जू यांच्या पीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले. वकिलाच्या हलगर्जीपणाची सजा आरोपीला नको, कोर्टाने न्यायमित्र नेमावा, असे सांगून प्रकरण नव्या सुनावणीसाठी परत पाठवले. पण 2013 मध्ये दुसऱ्या पीठाने 1996 चाच निकाल बंधनकारक मानला. म्हणजे फेरसुनावणी मागता येते, पण ती मिळेलच असे नाही.

सही झालेला निकाल हायकोर्टाला सहसा बदलता येत नाही. त्यामुळे 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. पैसे नसले तरी वाट बंद नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कैद्याला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज तुरुंगातून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. हेल्पलाइन आहे 15100.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. वकील बदलला तर नवा वकालतनामा कोर्टात दाखल झाला का, ते पाहावे. सुनावणीच्या यादीत आपले प्रकरण कधी लागते, यावर स्वतः नजर ठेवावी.

आम्ही दिवस मोजले. 34 गेले होते, 56 उरले होते. मुलाच्या वहीतला कोरा कागद घेऊन तिथेच अर्ज लिहायला बसलो.